पोटाचा कॅन्सर आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे होतो का?

प्रश्न असा आहे. वडील ५८ वर्षांचे, वर्षानुवर्षं पित्ताचा त्रास, शेवटी दुर्बीण टाकून तपासणी झाली. बायोप्सीच्या रिपोर्टात तीन गोष्टी आल्या: एच. पायलोरी हा जठरात राहणारा जंतू पॉझिटिव्ह, क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, म्हणजे जठराची जुनी पण अजून धुमसणारी सूज, आणि इंटेस्टायनल मेटाप्लेसिया, म्हणजे जठरात आतड्यासारखं अस्तर उगवणं. मुलानं रात्र जागून वाचलं, त्यात जंतूची चाहूल घेणाऱ्या शरीरातल्या सेन्सरांचे टोल-लाइक रिसेप्टर, नॉड, इन्फ्लमासोम असे शब्द भेटले. आता तो विचारतोय, आपलीच प्रतिकारशक्ती कॅन्सर घडवते का? घडवत असेल तर बाबांचा गुळवेलीचा काढा बंद करू का? आणि या सेन्सरांची जनुकीय तपासणी करून घ्यावी का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. सव्वीस वर्षं जठराचे तुकडे काचेवर बघतेय. तुमच्या बाबांना भेटतात ते डॉक्टर वेगळे, माझी भेट फक्त त्या तुकड्याशी होते. म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते.

आधी तुमचा प्रश्न जरा बदलून घेऊ. प्रतिकारशक्ती ‘जास्त’ की ‘कमी’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. खरी अडचण वेगळी आहे. या जंतूला शरीर ओळखतं, पण हाकलू शकत नाही. ओळखणं आणि न हाकलता येणं असं दोन्ही मिळून वीस-तीस वर्षं चालू राहिलं, तर जठराच्या अस्तराचं काय होतं, हे विचारायला हवं. बाबांना पुढे काय होईल हे मात्र जंतूची जात, त्यांची जनुकं, खाणंपिणं, तंबाखू आणि मेटाप्लेसिया जठरात किती पसरलाय यावर आहे. एका रिपोर्टवरून मी काय, कुणीच ते छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

आता काच बघू. गिम्सा स्टेन, म्हणजे एक खास रंग, दिला की जंतू निळसर दिसतात, स्वल्पविरामासारखे वाकडे, अस्तरावरच्या चिकट म्युकसमध्ये रांगेनं पडलेले. त्यातले बरेचसे पेशीच्या आत शिरतच नाहीत, बाहेर अंगणातच असतात. जरा खाली सरकलं की ग्रंथींच्या मानेपाशी न्यूट्रोफिल, म्हणजे सगळ्यात आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, दिसतात, अस्तराच्या दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून घुसलेले. रिपोर्टातला ‘ॲक्टिव्ह’ हा शब्द यांच्यामुळे येतो. ‘क्रॉनिक’ हा शब्द येतो त्याखाली मुक्काम ठोकलेल्या लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या प्रतिकाराच्या दुसऱ्या पेशींमुळे. शत्रू अंगणात आणि सैन्य भिंतीत, अशी ही विचित्र लढाई आहे. गोळ्या लागतात त्या भिंतीला.

सैन्याला बोलावलं कुणी? तिथे तुमचे सेन्सर येतात.

उपजत प्रतिकारयंत्रणेला कुठला जंतू नावानं माहीत नसतो. जंतूंच्या अंगावर असणारे, पण माणसाच्या पेशीत न सापडणारे काही ठरावीक तुकडे तेवढे ती ओळखते: भिंतीतला पेप्टिडोग्लायकन, बाहेरच्या आवरणातलं एलपीएस, शेपटीतलं फ्लॅजेलिन. अशी ओळख पटवणारे रेणू असले पाहिजेत हे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडलं. पुढे ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाला ते माशीत सापडले, ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाला उंदरात, आणि २०११ च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. टोल-लाइक रिसेप्टर, म्हणजे टीएलआर, बहुतेक पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर असतात, काही आतल्या पिशव्यांच्या पडद्यावर. नॉड आणि त्याचे भाऊबंद पेशीच्या आत, रसात असतात. इतकं पुरे, कारण गंमत पुढे आहे.

एच. पायलोरी हा जंतू या पहाऱ्याला चांगलाच ओळखून आहे. माणसाच्या पोटात तो हजारो वर्षं राहतोय, त्याला सवयी कळल्यात. टीएलआर-४ हा सेन्सर एलपीएस ओळखतो. ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या एलपीएसच्या बुडाशी फॅटी ॲसिडच्या सहा शेपट्या आणि दोन फॉस्फेट असतात, त्यावर टीएलआर-४ कडाडून उठतो. एच. पायलोरी स्वतःच्या एलपीएसमधले फॉस्फेट कापून टाकतो आणि शेपट्या चारच ठेवतो. मग टीएलआर-४ त्याच्याकडे जवळजवळ दुर्लक्षच करतो. टीएलआर-५ फ्लॅजेलिन ओळखतो, तर या जंतूनं फ्लॅजेलिनचा नेमका तो ओळखीचा भाग बदलून टाकलाय. शेपटी वळवळते, पण पहारेकऱ्याला दिसत नाही. वेशीवरचे दोन मोठे पहारेकरी असे चुकवून तो आत राहतो.

एवढ्यावर थांबला असता तर बहुतेकांच्या पोटात तो गुपचूप राहिला असता. पण काही जातींकडे ‘कॅग’ नावाचा जनुकांचा संच असतो आणि त्यातून एक सुई तयार होते, अक्षरशः इंजेक्शनच्या सुईसारखी. ही सुई जंतू अस्तराच्या पेशीत टोचतो आणि कॅग-ए नावाचं प्रथिन आत सोडतो. टोचताना भिंतीचे तुकडेही आत जातात, आणि आत नॉड-१ बसलेला असतो. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या गटानं २००४ मध्ये हे दाखवलं: सुई असलेल्या जंतूचा पेप्टिडोग्लायकन पेशीत पोचतो, नॉड-१ ला लागतो, आणि पेशी आयएल-८ नावाचा निरोप्या रेणू सोडून न्यूट्रोफिलना हाक मारते. पुढे कळलं की एडीपी-हेप्टोज नावाची एक जंतूची साखरही याच वाटेनं आत येते. ती ओळखणारा सेन्सर म्हणजे अल्फ-के-१. तो बीजिंगच्या फेंग शाओ यांच्या गटानं २०१८ मध्ये शोधला. म्हणजे पुढच्या दारानं सोंग घेऊन आलेला पाहुणा मागच्या भिंतीला भोक पाडतो, आणि घरातले जागे होतात ते त्या भोकामुळे.

हाक गेली, न्यूट्रोफिल आले. पण जंतू बाहेर म्युकसमध्ये. न्यूट्रोफिल आपली दारूगोळ्याची पोती फोडतात, त्यातून ऑक्सिजनचे जहाल रेणू निघतात आणि लागतात ते अस्तराच्या पेशींच्या डीएनएला. जंतूंना थोडा मार बसतो, संपत नाहीत. उद्या पुन्हा टोचणी, पुन्हा हाक. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन पाहिला तेव्हा आठवडाभरात मळमळ-उलट्या सुरू झाल्या होत्या. आपल्याकडे बहुतेकांना हा संसर्ग लहानपणीच होतो, तेव्हाचं कुणाला आठवतही नाही. मग पन्नाशीत पित्त म्हणून दाखवायला येतात, तोवर ही ये-जा चाळीस वर्षांची झालेली असते.

याहून सरळ धागाही आहे, आणि मला तो सगळ्यात बेचैन करणारा वाटतो. एआयडी नावाचं एक एन्झाइम आहे. बी-पेशींमध्ये अँटिबॉडीच्या जनुकांत मुद्दाम बदल घडवून विविधता आणणं हे त्याचं काम. जठराच्या अस्तराच्या पेशीत त्याचं काहीच काम नाही. क्योतोच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की कॅगवाल्या जंतूनं अस्तराच्या पेशीत एनएफ-कप्पा-बी हा धोक्याचा स्विच दाबला की तिथे एआयडी तयार होऊ लागतं आणि कॅन्सर रोखणाऱ्या टीपी५३ या जनुकात म्युटेशन पडतात. सेन्सरची हाक पोचते ती याच स्विचपाशी. म्हणजे हाक नुसतं सैन्यच बोलावत नाही, पेशीच्या हातात स्वतःची पोथी खोडायचं खोडरबरही देते.

तिसरी गोष्ट ॲसिडची. बाबांना हे ऐकून आश्चर्य वाटेल. काही सेन्सर मिळून इन्फ्लमासोम नावाचं यंत्र उभं करतात, त्यातलं एनएलआरपी-३ चं यंत्र जास्त माहितीचं. त्यातून आयएल-१ बीटा पिकून बाहेर पडतं. हा रेणू सूज तर वाढवतोच, शिवाय जठरातलं ॲसिड जबरदस्त कमी करतो. ॲसिड कमी झालं की जंतू जठराच्या खालच्या भागातून, म्हणजे अँट्रममधून, वरच्या मोठ्या भागात, कॉर्पसमध्ये पसरतो. तिथल्या ॲसिड बनवणाऱ्या ग्रंथी झिजतात, ॲसिड आणखी उतरतं. झिजलेल्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवतं, मधे मधे म्युकसनं फुगलेल्या गॉब्लेट पेशी, अल्शियन ब्लू स्टेनमध्ये निळ्या पेल्यांसारख्या. हाच तो इंटेस्टायनल मेटाप्लेसिया. सूज, झीज, मेटाप्लेसिया, डिस्प्लेसिया (पेशींची कॅन्सरआधीची बिघडलेली ठेवण), कॅन्सर ही पायरी-पायरीची वाट पेलायो कोरेया यांनी १९७५ मध्ये मांडली, आणि आम्ही अजून तीच डोळ्यांपुढे ठेवून रिपोर्ट लिहितो. प्रत्येक पायरीवर बहुतेक माणसं थांबतात, हेही त्याच वाटेचं सत्य आहे.

आयएल-१ बीटा जास्त बनवणाऱ्या जनुकीय ठेवणीच्या लोकांत हा धोका जास्त दिसतो, असं एमाद एल-ओमार यांच्या गटानं २००० मध्ये स्कॉटलंड आणि पोलंडमधल्या लोकांवरून मांडलं. उलट ज्यांचं ॲसिड भरपूर राहतं त्यांच्यात जंतू अँट्रममध्येच अडकतो आणि ड्युओडेनल अल्सर, म्हणजे लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण, होतो. जपानमधल्या उएमुरा यांच्या २००१ च्या अभ्यासात १२४६ संसर्ग असलेल्या लोकांपैकी ३६ जणांना सरासरी ७.८ वर्षांत जठराचा कॅन्सर झाला. संसर्ग नसलेल्या २८० पैकी एकालाही नाही. आणि संसर्ग असूनही ड्युओडेनल अल्सर असलेल्या २७५ जणांपैकी एकालाही नाही. जंतू तोच, पण कुठल्या सेन्सरनं किती हाक मारली आणि ॲसिडचं काय झालं, यावरून वाटा फुटल्या.

तर मग सेन्सर मंद असलेले बरे? इथे बरेच जण फसतात. टीएलआर-४ चा एक जनुकीय प्रकार असा आहे की सेन्सर जरा बधिर होतो. २००७ मध्ये पोलंड आणि अमेरिकेतल्या रुग्णांत त्या प्रकारासोबत कॅन्सरचा धोका वाढलेला दिसला. नंतर सगळ्या लोकसमूहांत ते जुळलं नाही, हेही सांगते. नॉड-१ नसलेल्या उंदरांत कॅगवाला जंतू जास्त माजतो, हे तर २००४ च्याच त्या कामात होतं. बधिर पहारेकरी जंतूला मोकळं रान देतो आणि तापट पहारेकरी घर पेटवतो, म्हणून ‘वाढवा’ किंवा ‘कमी करा’ या दोन्ही सल्ल्यांना माझ्या लेखी अर्थ नाही.

आणि ट्यूमर एकदा उभा राहिला की हेच सेन्सर त्याच्या पदरी नोकरी धरतात. मेलबर्नमध्ये ब्रेंडन जेनकिन्स यांच्या गटाकडे असे उंदीर होते ज्यांच्यात एसटीएटी-३ हा संदेशवाहक अति चालायचा आणि जठरात आपोआप ट्यूमर व्हायचे. २०१२ मध्ये त्यांनी पाहिलं की या ट्यूमरच्या अस्तरपेशींवर टीएलआर-२ वाढलेला आहे. टीएलआर-२ काढला, किंवा अँटिबॉडीनं बंद केला, की ट्यूमर लहान झाले. मजा म्हणजे सूज तशीच राहिली. म्हणजे तिथे टीएलआर-२ सूज आणायचं काम करत नव्हता, पेशींना वाढायला थेट खतपाणी घालत होता. हे वाचल्यावर मी स्वतः ‘सूज म्हणजेच कॅन्सर’ हे समीकरण शिकवायचं सोडलं.

उंदरावर चाललं म्हणून उद्या औषध येईल असं समजू नका. जठराच्या कॅन्सरसाठी सेन्सर बंद करणारं कुठलंही मान्यताप्राप्त औषध आज नाही. आयएल-१ बीटा अडवणारी कॅनाकिनुमॅब ही अँटिबॉडी हृदयरोगाच्या एका मोठ्या चाचणीत वापरली, तेव्हा फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण घटलेलं दिसलं होतं, २०१७ ची गोष्ट. मग झालेल्या कॅन्सरवर तीच दिली तर चाचण्या फसल्या.

आपल्याकडचं काय? भारतात एच. पायलोरी घरोघरी आहे, पण त्या मानानं जठराचा कॅन्सर बराच कमी. मुंबई आणि बार्शीच्या कॅन्सर नोंदणीत जठर वरच्या नंबरात नसतं, चेन्नईत जास्त असतं, आणि मिझोराममध्ये, विशेषतः ऐजॉलमध्ये, देशात सगळ्यात जास्त. तिथे धुरावर वाळवलेलं मांस, साउम ही आंबवलेली डुकराची चरबी आणि तुइबुर, म्हणजे तंबाखूचा धूर मुरवलेलं पाणी, यांच्याशी त्याचा संबंध दाखवणारे अभ्यास आहेत. पोटात जंत असले तर सूज वेगळ्या वळणाची होते असंही एक मत आहे, उंदरांत ते २००० मध्ये दिसलं होतं. माझ्या टेबलावरचा अनुभव याला धरूनच आहे: सूज आणि जंतू रोज, मेटाप्लेसिया आठवड्यातून काही, कॅन्सर क्वचित. तरी बाबांच्या रिपोर्टकडे दुर्लक्ष करा असा याचा अर्थ काढू नका.

जनुकीय तपासणीचं सांगते. टीएलआर, नॉड, आयएल-१ यांची तपासणी करून घेऊ नका. धोका थोडाफार इकडेतिकडे होतो, उपचार काहीच बदलत नाहीत, पैसे मात्र जातात. घरात स्तन, अंडाशय किंवा जठराचे कॅन्सर एकापेक्षा जास्त झाले असतील तर गोष्ट निराळी. २०२३ मध्ये जपानमधून आलेल्या मोठ्या अभ्यासात बीआरसीए, एटीएम, पीएएलबी-२ यांसारख्या डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत दोष असलेल्या आणि एच. पायलोरी असलेल्या लोकांत ८५ व्या वर्षापर्यंत जठराच्या कॅन्सरचा धोका ४५.५ टक्के निघाला. दोष नसलेल्या पण जंतू असलेल्यांत तो १४.४ टक्के होता. हे आकडे जपानचे, आपल्याला जसेच्या तसे लावायचे नाहीत. पण जखम आणि दुरुस्ती यांचा हिशेब त्यातून कळतो.

काढ्याचं उत्तर सोपं आहे. गुळवेलीनं हा जंतू जात नाही आणि सेन्सरची दिशाही सुधारत नाही. कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मानला नाही. मी बाबांच्या जागी असते तर निदान उपचार चालू असेपर्यंत काढा बाजूला ठेवला असता, म्हणजे काही झालं तर कशानं झालं ते कळतं.

करायचं ते हे. जंतू घालवा. पहारेकऱ्यांना गप्प करायचा तोच एक खात्रीचा मार्ग, कारण टोचणीच थांबते. क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडॅझोलला दाद न देणारे जंतू आपल्याकडे बरेच आहेत, म्हणून आता बरेच डॉक्टर बिस्मथ घातलेला चार औषधांचा चौदा दिवसांचा कोर्स देतात. बिस्मथनं शौचाला काळी होते, घाबरू नका, पण डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. आठव्या दिवशी ‘बरं वाटतंय’ म्हणून सोडू नका, अर्धवट कोर्सनं उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, आणि पित्ताची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, युरिया ब्रेथ टेस्ट किंवा शौचाची अँटिजेन तपासणी करा. रक्तातली अँटिबॉडी नको, जंतू गेल्यावरही ती बरीच वर्षं पॉझिटिव्ह राहते.

पित्ताच्या गोळीवरून माझी एक चूक सांगते. बरीच वर्षं झाली. एका गृहस्थांचे फक्त अँट्रमचे दोन तुकडे आले होते. न्यूट्रोफिल दिसत होते, जंतू दिसत नव्हते. मी ‘एच. पायलोरी आढळला नाही’ असं लिहून मोकळी झाले. ते रोज पॅन्टोप्राझोल घेत होते, हे मी विचारलं नाही. या गोळ्यांनी अँट्रममधले जंतू विरळ होतात आणि वर कॉर्पसमध्ये सरकतात. तीन वर्षांनी पुन्हा तुकडे आले तेव्हा कॉर्पसमध्ये जंतूंची रांगच होती आणि झीजही पुढे गेली होती. तेव्हापासून न्यूट्रोफिल दिसले आणि जंतू दिसले नाहीत, तर मी रिपोर्टात गोळीबद्दल एक ओळ लिहिल्याशिवाय सही करत नाही.

जंतू गेल्यावर मेटाप्लेसिया पुसला जाईल का? झीज काही प्रमाणात भरून येते, मेटाप्लेसिया सहसा हट्टानं राहतो. तरी धोका कमी होतो. कोरियात जठराचा कॅन्सर झालेल्यांच्या सख्ख्या नातेवाइकांवर केलेल्या चाचणीत, २०२० ची, जंतूवर उपचार दिलेल्या गटात १.२ टक्के लोकांना कॅन्सर झाला, न दिलेल्या गटात २.७ टक्के लोकांना, नऊ वर्षांच्या आसपास पाहिल्यावर. मेटाप्लेसिया अँट्रमपुरताच असेल आणि घरात कुणाला जठराचा कॅन्सर नसेल तर वारंवार दुर्बीण लागत नाही. अँट्रम आणि कॉर्पस दोन्हीकडे पसरला असेल तर युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तीन वर्षांनी चांगल्या दर्जाची एंडोस्कोपी करायची. वजन घटणं, बिस्मथ चालू नसताना काळी शौचाला, गिळताना अडकणं, रक्त कमी होणं यांतलं काही असेल तर तीन वर्षं सोडा, या आठवड्यातच दाखवा.

म्हणून आधी रिपोर्ट पुन्हा उघडा आणि तुकडे कुठून घेतले ते वाचा. नीट पद्धत पाच तुकड्यांची आहे: अँट्रमचे दोन, वळणावरचा एक, कॉर्पसचे दोन. नुसतं ‘स्टमक बायोप्सी’ लिहिलं असेल किंवा फक्त अँट्रमच असेल, तर मेटाप्लेसिया किती पसरलाय ते या रिपोर्टवरून सांगता येणार नाही, आणि एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांशी त्याबद्दल बोला. तुकडे ज्या मेणाच्या ठोकळ्यात बसवतात तो लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो. दुसरं मत घ्यायचं असेल तर कागद फिरवत बसू नका, तो ठोकळा आणि मूळ काचा मागून घ्या. त्या तुमच्या बाबांच्याच तुकड्यांच्या आहेत.